बायबलबाईंची खळ

बायबलबाई माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. चपला नव्हे, पाय. अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे का, टाच बाहेर फेकली जाते का, चालताना कुठला पाय आधी दमतो. मग मान वर न करताच म्हणायच्या, "ये रे शमुवेलाच्या नातवा. तुझा आजा बी असाच फरपटायचा." आणि परभणीहून इस्त्रीच्या कपड्यांत आलेला तो सरकारी नोकर उंबऱ्यातच थांबून स्वतःच्या पायांकडे बघायला लागायचा.

गेल्या महिन्यात तुम्हा दोघांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, आणि फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ख्रिस्ती व्हायच्या आधी आपण कोण होतो?" मी म्हटलं, लिहून पाठवते. मला लिहून पाठवायची सवय आहे, आणि कागदावर आलेलं मला जास्त खरं वाटतं. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं, बायबलबाईंना मधे आणल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही. तेव्हा आधी त्या, मग आपण.

बायबलबाई हे नाव नव्हे, काम. मिशनच्या दिवसांत चर्चतर्फे काही बायका गावोगाव फिरत. बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, अक्षरं शिकवायची, बाळंतिणीला काय खाऊ घालावं ते सांगायचं. यांचं खरं नाव सारूबाई. कापडी पिशवीत पुस्तक, भाकरी आणि एरंडेलाची बाटली घेऊन त्यांनी चाळीस वर्षं पायपीट केली. झरीपर्यंत पायी जात. येलदरीचं धरण बांधत होते तेव्हा तिथल्या मजुरांच्या झोपड्यांतूनही हिंडल्या. मोठ्या घरी गेल्या की त्यांना ओसरीवर घेत नसत. पायरीखाली बसवत आणि पाणी वरून ओतत. "चाळीस वर्षं पायरीखाली बसले," त्या सांगायच्या, "मग मला पायच दिसनार की. तोंडं वर ऱ्हायची." हे त्या हसत सांगायच्या. मी नगरकडची, मिशनच्या बोर्डिंगात इंग्रजी शिकलेली. मला हसावं की नाही ते कळायचं नाही.

मी लग्न होऊन मानवतच्या पुढच्या आमच्या त्या कसब्यात आले तेव्हा त्या निवृत्त होऊन चॅपलमागच्या एका खोलीत राहत होत्या. चॅपल काळ्या दगडाचं, वर मंगळुरी कौलं, दाराशी दोन खांबांवर टांगलेली घंटा. गावातले लोक त्याला मिशनचं देऊळ म्हणत. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडायचा आणि रविवारी चॅपलच्या पायऱ्या पांढऱ्या दिसायच्या. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर मी त्यांना "सलाम, मावशी" म्हटलं. त्यांनी खाली बघितलं. "ह्या पायानं कधी ढेकळं तुडवली न्हाईत," त्या म्हणाल्या. मग वर बघून, "पर बूट सरळ झिजलेत. हिशेबी बाई हायस. मला लागशील तू."

लागले मी. त्यांचं हस्तकौशल्य म्हणजे पुस्तकं बांधणं. मिशनच्या कुणा मडमेनं त्यांना लहानपणी शिकवलेलं. चॅपलची गीतपुस्तकं दरवर्षी फाटायची आणि दरवर्षी त्या ती नव्यानं शिवायच्या. कागद कापायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या हातून रेघ वाकडी जात नाही. कागद चिकटवायची खळ मात्र त्या स्वतः शिजवायच्या. गव्हाचं पीठ चाळून, पाण्यात कालवून, मंद जाळावर, एकाच दिशेनं ढवळत. उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायच्या. मोरचूद म्हणजे तो निळा खडा, शेतकरी चुन्यात मिसळून फळबागेवर मारतात तो. विषारी. त्यानं खळीला किंचित निळसर झाक यायची. "कसर लय चटोर," त्या म्हणायच्या; कसर म्हणजे पुस्तकं खाणारी कीड. "तिला कागद नको असतो, खळ पायजे असती. खळीसाठी ती अख्खा दावीद खाती." दावीद म्हणजे दावीदाची स्तोत्रं.

चॅपलच्या कपाटात बाप्तिस्म्यांचं जुनं रजिस्टर होतं. किल्ली मावशींच्या कमरेला. पहिली पानं मडमेच्या इंग्रजी हस्ताक्षरात, आणि मावशींना इंग्रजी येत नसे. त्यातली माणसं मात्र त्यांना सगळी पाठ. पान मोठं, रकाने आखलेले: नाव, बापाचं नाव, गाव, तारीख, आणि मधे एक रकाना, पूर्वीची जात.

आता १९७८ चं सांगते. त्या साली मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात खेडोपाडी दलितांची घरं पेटली. आमच्या शाळेत वाघमारे सर गणित शिकवत, ते बौद्ध. त्यांची बहीण एका खेड्यातून तीन लेकरं आणि एक पातेलं घेऊन आली आणि तिच्यामागून आणखी दोन कुटुंबं आली. मावशींनी पाळकांना न विचारता चॅपल उघडलं, बाकं जोडून खाटा केल्या. पाळकसाहेब आले ते पुस्तकं घेऊन, चार दिलाशाचे शब्द सांगावेत म्हणून. मावशी दारातच आडव्या झाल्या. "आत्ता पुस्तक काढू नका, पाळकसाहेब. आत्ता पीठ काढा." पाळकसाहेब भले माणूस. ते परत गेले आणि ज्वारीचं पोतं सायकलवर घालून आले.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब बैठकीसाठी परभणीला गेलेले असताना सकाळी तीन माणसं चॅपलवर आली. दोन गावातलीच ओळखीची, एक परकं. बोलणं अगदी अदबीचं. "मावशी, ते जुनं रजिस्टर बघायचं होतं. गावाचा इतिहास लिहायलोत." मावशी झाडत होत्या. म्हणाल्या, "किल्ली पाळकसाहेबांजवळ हाय. उद्या येतेत." किल्ली त्यांच्या कमरेलाच होती.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला कळलं ते एवढंच की दुपारी मावशी आमच्या घरी आल्या आणि माझ्या हातात दोन गाठी मारलेला दोरा ठेवला. "एका गाठीपासून दुसरीपातूर एवढ्या रुंदीच्या पट्ट्या काप. पानाएवढ्या लांब. पांढऱ्या कागदाच्या. लय लागतील." कशाला ते सांगितलं नाही. मी फूटपट्टी घेऊन बसले. तुमची आई तेव्हा पाळण्यात होती. तिला एका पायानं झोका देत मी कापत राहिले. लेकरू कडेवर आणि पट्ट्यांचा गठ्ठा हातात घेऊन त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा चुलीवर खळ रटरटत होती. पण रंग नेहमीचा नव्हता. पिवळसर. आणि वास गोड.

"मावशी, मोरचूद विसरलात."

"न्हाई इसरले."

"मग हा वास कसला?"

"गूळ टाकलाय."

"खळीत गूळ?"

"चिकट व्हती. जा तू, लेकरू रडायलंय तुझं."

लेकरू रडत नव्हतं. पण मी गेले.

दुसऱ्या दिवशी ती तिघं परत आली तेव्हा मी मुद्दाम गीतपुस्तकं घ्यायच्या निमित्तानं चॅपलमध्ये थांबले. मावशींनी स्वतः रजिस्टर काढून दिलं. परक्या माणसानं ते उघडलं. प्रत्येक पानावर, त्या एकाच रकान्यावर, वरपासून खालपर्यंत पांढरी पट्टी. अजून ओलसर.

"हे काय आहे?"

"फाटलं व्हतं. जोडलं."

"सगळ्या पानांवर एकाच जागी फाटलं?"

"घडी तितंच पडती ना, साहेब."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मावशी त्याच्या पायांकडे. शेवटी त्यानं रजिस्टर मिटलं आणि तिघं निघून गेली. त्यांना खरोखर इतिहासच लिहायचा होता की कुठलं ख्रिस्ती घर मूळचं कुणाचं याची यादी करायची होती, ते कधीच कळलं नाही. मावशी म्हणाल्या, "इतिहासवाला असता तर त्यानं आधी नावं वाचली असती. ह्यानं नावाकडं बघितलं बी न्हाई."

त्या पट्ट्या मी कापल्या होत्या, सरळ, एकसारख्या. पण त्यांच्याखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि तेव्हापासून त्या गोष्टीनं माझा पिच्छा सोडला नाही. कारण आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जायची. तुमच्या आईचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, निवृत्त पोस्टमास्तर. ते सांगत की आपले मूळपुरुष रावजी, म्हणजे अण्णांचे आजोबा, हे देशमुख घराण्यातले. घोड्यावरून हिंडायचे, मडमेचं प्रवचन ऐकून जमीनजुमला सोडून ख्रिस्ती झाले. कुणी पाहुणा आला की ही गोष्ट चहाबरोबर यायचीच. घोड्याचा रंग मात्र बदलायचा. कधी पांढरा, कधी अबलख. मला त्या घोड्याबद्दल पहिल्यापासून शंका होती.

रविवारी दुपारी मी वही घेऊन मावशींकडे जायला लागले. मी इंग्रजी नाव वाचायची, त्या माणूस उभा करायच्या.

"रूथ, गणूची मुलगी," मी वाचायची.

"गणू न्हवं, गण्या. मडमबाई लिवताना मान द्यायच्या. सगळा गाव त्याला गण्याच म्हनायचा. पर रूथ लय देखणी. विहिरीवर गेली की पोहऱ्याचं पानी हिंदकळायचं."

"पोहऱ्याचं का?"

"दुसऱ्यांच्या पोहऱ्याचं. बघनाऱ्यांच्या."

अशा वह्यांवर वह्या भरल्या. कुणाचा बाप्तिस्मा नदीत झाला, कोण पहिल्यांदा शाळेत गेलं, कोण मिशन सोडून मुंबईच्या गिरणीत गेलं आणि परतलं नाही. प्रत्येक ओळीत मधे एक पांढरी पट्टी यायची आणि माझं बोट तिच्यावरून उडी मारायचं. मावशी ते बघायच्या.  मी विचारायची नाही. माझ्या शिक्षणानं मला एवढं शिकवलं होतं की जे झाकलेलं आहे ते विचारायचं नसतं, शोधायचं असतं.

वाघमारे सरांना मात्र हे पटायचं नाही. एकदा ते चॅपलवर आले असताना मी त्यांना रजिस्टर दाखवलं. ते चिडलेच. "मावशी, आमी नावासाठी मोर्चे काढायलोत, लाठ्या खायलोत, आणि तुमी नावं झाकायलात? झाकून काय व्हतंय? उलट मोठ्यानं सांगा, हो, आमी हेच."

"सर, बसा आधी," मावशी म्हणाल्या. "तुमी सांगताव ते खरं हाय. तुमी उभं ऱ्हाऊन सांगताव, तुमच्या तोंडानं. ह्या रजिस्टरातली मानसं मेलेली हायत. त्यान्ला कुनी इचारलं व्हतं का, तुमचं हे सांगायचं का म्हनून? मडमबाईनं इचारलं, लिवलं, झालं. कागद कुनाला बी वाचू देतो, सर. तोंड मानूस बघून बोलतं."

"म्हणजे मला सांगाल?"

"तुमची भैन हितं बाकावर झोपली व्हती. तुमाला न्हाई तर कुनाला सांगू?"

आणि त्यांनी सांगितलं. हळू आवाजात, एकेका कुटुंबाचं. मी तेव्हा चहा करायला मागे त्यांच्या खोलीत होते आणि स्टोव्हच्या आवाजात मला एकही शब्द ऐकू आला नाही. तो स्टोव्ह मला आजही आठवतो.

मग चॅपलचा अमृतमहोत्सव आला. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. समितीचे अध्यक्ष अण्णा, लेखन माझ्याकडे. अण्णांनी मला रावजींवरचा मजकूर स्वतः लिहून दिला. देशमुख घराणं, घोडा (या वेळी काळा), जमीनजुमला, सगळं. म्हणाले, "सूनबाई, हे असंच छापा. शब्द बदलू नका."

मी म्हटलं, "अण्णा, एकदा रजिस्टरशी ताडून बघते."

अण्णांचा चेहरा मला वाचता आला नाही. "बघा," ते म्हणाले. "पट्ट्या आहेत ना त्यावर."

रात्रभर मी याच विचारात होते. छापलेलं राहतं. तुमची आई, मग तुम्ही, सगळे तो घोडा खरा मानून चालणार. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात अण्णांना खोटं पाडायची थोडी हौसही होती. सकाळी मी किटली घेऊन मावशींकडे गेले.

"किटली कशाला आनलीस?"

"मावशी, वाफ दिली की खळ सुटते. पट्टी अलगद निघेल, कागदाला काही होणार नाही. फक्त रावजींची ओळ. परत लावून टाकू."

मावशींनी किटलीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. "काय वाचायचंय तुला?"

"खरं काय ते."

"मग वाचायचं कशाला? इचार की."

मी उभीच राहिले. दहा वर्षं मी त्या पट्टीभोवती फिरत होते. वह्या भरल्या, तारखा जुळवल्या, घोड्याचे रंग मोजले. एकदाही तोंड उघडून विचारलं नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "रावजी कोण होते?"

"बस," त्या म्हणाल्या.

त्यांनी तो एक शब्द उच्चारला. लहानसा शब्द. मग पुढे सांगत राहिल्या, कारण त्यांच्या मते त्या शब्दानं माणूस संपत नव्हता, सुरू होत होता. रावजी हलगी वाजवायचे. लग्नात, मिरवणुकीत, कुणी मेलं तर प्रेतापुढे. ख्रिस्ती झाले तेव्हा चॅपल नव्हतं. एका लिंबाखाली उपासना व्हायची आणि घंटाही नव्हती. मग लोकांना बोलवायचं कसं? रावजी लिंबाखाली उभे राहून हलगी वाजवायचे. तोच आवाज ऐकून माणसं गोळा होत. पुढे चॅपल उभं राहिलं, परदेशातून घंटा आली, मानवत रोड स्टेशनावरून ती बैलगाडीनं आणायला रावजीच गेले. घंटा टांगल्यावर मडमबाई म्हणाल्या, आता ते वाद्य ठेवून द्या. रावजींनी हलगी चॅपलच्या आतल्या खोलीत खुंटीला अडकवली. त्यानंतर ते दर रविवारी घंटा वाजवायचे, पण मावशींच्या आईला म्हणाले होते, "ह्या घंटेला कुनाचं नाव घेता येत न्हाई." हलगीवर त्यांना प्रत्येक घराचं बोलावणं वेगळं वाजवता यायचं.

"अण्णांना हे माहीत नाही?" मी विचारलं.

मावशी हसल्या. "अण्णाला? हलगीचं कातडं ढिलं पडलं की जाळावर शेकावं लागतंय. आज्यासाठी कडब्याची धांडं पेटवून हलगी शेकायचं काम अण्णाचंच. चॅपलात ठेवली तरी सनासुदीला आजा काढायचा. मी परकर नेसायचे तवा. माझ्या डोळ्यानं बघितलंय."

घरी येऊन मी अण्णांचा मजकूर बाजूला ठेवला आणि स्वतः लिहिला. पट्टीखालचा शब्द मी लिहिला नाही. मावशींनी तो मला दिला होता, छापखान्याला नव्हे. मी लिहिलं: "चॅपलला घंटा येण्यापूर्वी रावजी लिंबाखाली हलगीवर तीन ठोके देऊन लोकांना उपासनेला बोलवत. पुढे ती घंटाही त्यांनीच बैलगाडीतून आणली." एवढंच. खोटं एक अक्षर नाही. आणि ज्याला हलगी कळते त्याला सगळंच कळेल.

तीन ठोके मी मनानं घातले होते. मावशींनी आकडा सांगितला नव्हता, पण वाक्याला एक आकडा हवा होता. माझी ही खोड तुमच्या आजोबांनाही माहीत होती.

अण्णांनी कागद वाचायला घेतला. हातात लाल पेन्सिल. मी समोर उभी. परीक्षेच्या निकालालाही मी इतकी घाबरले नव्हते. त्यांनी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता कागद फाटणार.

"तीन नाही," अण्णा म्हणाले.

"काय?"

"तीन ठोके नाहीत, चार. तीन जोरात आणि चौथा हलका." त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर वाजवून दाखवलं. धाड, धाड, धाड, आणि मग अगदी हलकं, टक. "आजा म्हणायचा, तीन ठोके गावासाठी. चौथा जवळ आलेल्यांसाठी. चौथा ऐकू आला म्हणजे माणूस आलाच."

त्यांनी 'तीन' खोडून लाल पेन्सिलीनं 'चार' लिहिलं. मग स्वतःचा मजकूर उचलला, घडी केली आणि खिशात घातली. जाताना म्हणाले, "प्रत्येक बदलीच्या गावी पहिल्याच आठवड्यात लोक विचारायचे, सूनबाई. एकदा काहीतरी सांगून बसलो. मग तेच सांगत राहिलो. घोडा मात्र मला खरंच आवडायचा."

समारंभाच्या दिवशी चॅपल भरलं होतं. वाघमारे सरही आले होते. घंटा वाजायच्या आधी अण्णा उठले आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर त्यांनी मुठीनं चार ठोके दिले. कुणाला फारसं काही समजलं नाही. लोकांना वाटलं, अध्यक्ष शांतता करायला सांगताहेत. पहिल्या बाकावर बसलेल्या मावशी मागे न वळता म्हणाल्या, "चौथा जड झाला, अण्णा."

"हात म्हातारा झाला, सारू," अण्णा म्हणाले. त्यांनी मावशींना नावानं हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

अण्णा त्यानंतर तीन वर्षांनी गेले. १९९४ च्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा वाघमारे सर पेढे घेऊन मावशींकडे आले. मावशींची नजर तेव्हा जवळजवळ गेलेली, पण सरांची चाल त्यांनी ओळखली. "मिळालं का नाव?"

"जुन्याला जोडून मिळालं, मावशी. अर्धं."

"अर्ध्यासाठी एवढे पाय झिजवले व्हय! बसा. खा आधी तुमी, मग मी खाते."

त्याच उन्हाळ्यात मावशी गेल्या. तुमच्या आईची दहावीची परीक्षा होऊन गेली होती, आणि मावशींच्या कमरेची किल्ली पाळकसाहेबांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, रजिस्टर जुनं झालंय, तुम्ही एक नक्कल करून ठेवा.

मी कपाट उघडलं. गीतपुस्तकं सगळी शाबूत; शिवण घट्ट, पाठीवर निळसर झाक. रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि उघडलं, तर पानांतून टेबल दिसलं. कसरीनं पट्ट्या खाल्ल्या होत्या, आणि पट्ट्यांखालचा कागदही खाल्ला होता. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, तो एक रकाना फक्त. अलीकडे नाव, बापाचं नाव, गाव. पलीकडे तारीख आणि सही. आणि मधे एक लांब खिडकी. दोन-चार ठिकाणी गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर कुरतडलेलं होतं. बाकी माझ्या फूटपट्टीच्या कडा कसरीनं इमानानं पाळल्या होत्या.

मी बराच वेळ त्या खिडकीत बोट घालून बसले. मग मला खळीचा तो गोड वास आठवला. सोळा वर्षांनी. जन्मभर पुस्तकं बांधणारी बाई मोरचूद कधी विसरणार नव्हती, आणि गूळ तिनं चिकटपणासाठी टाकला नव्हता.

वाघमारे सरांना मी ते दाखवलं. त्यांनी एकेक पान उलटून त्या खिडकीतून बघितलं. मग म्हणाले, "बाई, मला अजून पटत नाही. पुसून टाकायला नको होतं." आणि थोड्या वेळानं, "पण त्यांनी मला सगळं सांगितलंय. एकूण एक घर." मला वाटतं, दोघांचंही खरं आहे. मी नक्कल केली तेव्हा तो रकाना आखला आणि रिकामा ठेवला. आखला नसता तर तिथं काही होतं हेच कुणाला कळलं नसतं.

तर मुलांनो, सोबत वंशवृक्ष पाठवते आहे. रावजींपासून तुमच्यापर्यंत सगळी नावं आहेत, तारखा जिथं मिळाल्या तिथं घातल्या आहेत, रेघा सरळ आहेत. तुम्ही विचारलेला चौकोन मी रिकामा ठेवला आहे. लाज म्हणून नव्हे. तो शब्द मला आता रावजींच्या हलगीइतकाच जवळचा आहे. पण हा कागद तुमच्या वर्गाच्या भिंतीवर लागेल आणि कुणीही वाचेल. तुमच्या मोठ्या सुट्टीत इकडे या. समोर बसा आणि विचारा. मी आधी तुमचे पाय बघेन, कारण तुमच्या आईच्या अंगठ्याशेजारचं बोट अण्णांसारखं लांब आहे आणि तुमचं कसं आहे ते मला फोटोत दिसत नाही. मग टेबलावर चार ठोके वाजवून दाखवीन, आणि मग सांगेन. पहिले तीन तुम्हाला फोनवरही ऐकू येतील. चौथ्यासाठी जवळ यावं लागतं.